वेगवान मोटारींचे उद्याचे मोल



पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने शिरूर तालुक्यात शिरले म्हणजे रांजणगाव लागते. महागणपतीचे क्षेत्र म्हणून हे गाव महाराष्ट्रास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोटारींचे गाव म्हणून त्याची ओळख मात्र अलीकडची. तेथे टाटा आणि इटलीची फियाट यांच्या भागीदारीचा कारखाना उभा राहिला व त्यातून लक्षावधी इंजिने आणि मोटारी बाहेर पडल्या. याच परिसराच्या आधाराने आज मी एका प्रश्नाचा विचार करणार आहे. आज रस्त्यावर धावणाऱ्या वेगवान मोटारी, विशेषतः जपानी बनावटीच्या स्पोर्ट्स मोटारी, पुढे संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान ठरतील काय?

हा प्रश्न केवळ धनिकांचा आहे असे समजू नये. अनेक सुशिक्षित कुटुंबांत तो साध्या रूपाने उपस्थित होत असतो. दारात दहा वर्षांची एक मोटार उभी असते. वडील म्हणतात, किंमत आणखी उतरण्यापूर्वी ती विकून टाकावी. मुलगा म्हणतो, अशी मोटार पुन्हा होणार नाही, ती ठेवावी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. कोणाचे म्हणणे केव्हा खरे ठरते, हे ठरविण्यास तर्कापेक्षा इतिहासाचे साह्य अधिक होते. आणि तो इतिहास मोटारीच्याही आधीपासून, घोड्यापासून सुरू होतो.

आजचा दौंड तालुका व बारामतीचा भाग मिळून इंग्रजी अमदानीत भीमथडी या नावाचा तालुका होता. भीमा नदीच्या या खोऱ्यात जोपासलेली घोड्यांची जात भीमथडी म्हणूनच प्रसिद्ध झाली. अरबी आणि तुर्की रक्ताचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन हा घोडा घडला असे मानतात. अंगाने तो लहानखुरा, पण चपळ आणि काटक. थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारा. मराठ्यांच्या घोडदळाचे यश ज्या गुणांवर उभे होते, ते गुण या जनावराच्या अंगी होते. त्या काळी वेग म्हणजे भीमथडीचा घोडा.

पुढे राज्य गेले. १८१७ च्या पुणे तहानंतर उभारलेले पूना हॉर्स हे इंग्रजी घोडदळ दीर्घकाळ शिरूरच्या छावणीत होते. म्हणजे घोड्याचे महत्त्व एकदम नष्ट झाले असे नाही. परंतु लोहमार्ग आला. १८७८ साली दौंड ते मनमाड हा फाटा सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. मागोमाग मोटार आली आणि स्वाराच्या घोड्याची गरज संपली. मग भीमथडी घोड्याचे काय झाले? त्याला कोणी संग्रहालयात ठेवले नाही की त्याचे पुतळे उभारले नाहीत. तो धनगरांच्या वाड्यांबरोबर, पाठीवर संसार घेऊन, चराऊ रानातून हिंडत राहिला. ज्यांना त्याची रोजची गरज होती त्यांनीच तो जगविला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कर्नाल येथील संस्थेने स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद केली ती अगदी अलीकडे, २०२३-२४ च्या सुमारास. तोपर्यंत शुद्ध घोडे थोडेच उरले होते.

या हकिकतीत वाहनाच्या आयुष्याचा एक सामान्य नियम दिसतो. प्रत्येक वाहन तीन अवस्थांतून जाते. पहिली उपयोगाची, दुसरी उपेक्षेची आणि तिसरी आदराची. पहिलीत त्याला किंमत असते, तिसरीत मोल असते. मधल्या अवस्थेत दोन्ही नसतात, आणि बहुतेक वाहने तेथेच नाहीशी होतात. संग्राह्य ठरण्याचा प्रश्न हा वस्तुतः ही मधली वाट ओलांडण्याचा प्रश्न आहे.

आता मोटारींकडे वळू. इंग्लंडात जुन्या मोटारींच्या शौकिनांनी १९३० साली व्हेटरन कार क्लब आणि १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब स्थापन केला. यांतील दुसऱ्या संस्थेचे संस्थापक लक्षाधीश नव्हते. नव्या मोटारी घेण्याची ऐपत नसलेल्या आणि जुन्या मोटारींची बनावट अधिक सरस मानणाऱ्या तरुणांनी ती काढली. त्या वेळी या मोटारी कवडीमोलाने मिळत असत. पुढे ज्यांना राजवाड्याची किंमत आली, त्या मोटारी ज्यांनी वाचविल्या त्यांनी त्या लाभासाठी वाचविल्या नव्हत्या. प्रेम आधी आले, पैसा मागाहून आला. संग्रहाच्या इतिहासात हा क्रम वारंवार आढळतो.

आपल्या लोकांच्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीकडून एक सुपरचार्जरयुक्त मोटार घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून बॉडी चढविली. नारिंगी आणि काळ्या रंगाची ही मोटार आज जगातील श्रेष्ठ जुन्या मोटारींत गणली जाते. पण ती आपल्या देशात नाही, अमेरिकेत आहे. संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखेही बंद झाले. दरम्यानच्या काळात संस्थानिकांच्या कितीतरी मोटारी अल्प मोलाने परदेशी गेल्या. १९७२ साली सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीस बंदी केली, तोपर्यंत उत्तमांतील बऱ्याच निघून गेल्या होत्या. उपेक्षेच्या काळात ज्याच्यापाशी डोळसपणा असतो त्याच्याकडे वस्तू जाते. मूळ धनी मागाहून हळहळतो.

जपानी मोटारींची गोष्ट याच वळणाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मालाविषयी जगाचा ग्रह स्वस्त आणि काटकसरीचा माल असा होता. टोयोटाने १९६७ ते १९७० या काळात यामाहाच्या साह्याने टू थाउजंड जीटी ही स्पोर्ट्स मोटार बनविली. तिचे जेमतेम साडेतीनशे नग निघाले. धंदा म्हणून तिने काही साधले नाही; परंतु २०१३ साली अमेरिकेतील एका लिलावात अशा एका मोटारीस ११ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली आणि जपानी मोटारही युरोपीय मोटारींच्या पंक्तीस बसू शकते हे सर्वांस मान्य करावे लागले. २०२२ साली याच जातीच्या, शर्यतीत उतरलेल्या एका मोटारीस २५ लक्ष डॉलरांच्या वर किंमत मिळाली.

ही मोटार दुर्मिळ होती. तिचे नवल फारसे नाही. खरे नवल पुढच्या पिढीचे आहे. निसानची स्कायलाइन जीटी-आर, टोयोटाची सुप्रा, होंडाची एनएसएक्स, माझ्दाची आरएक्स-सेव्हन या १९९० च्या आसपासच्या मोटारी हजारोंनी निघाल्या होत्या. १९९३ साली आलेली सुप्रा अमेरिकेत इतकी थोडी खपू लागली की १९९८ मध्ये टोयोटाने ती त्या बाजारातून काढून घेतली. त्याच सुप्राची, २००१ सालच्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटात वापरलेली एक गाडी, २०२१ साली साडेपाच लक्ष डॉलरांस विकली गेली. हा पालट कशाने झाला?

याची मला चार कारणे दिसतात. पहिले कारण स्मृतीचे. ज्या मुलांनी चित्रपटांत आणि संगणकावरील खेळांत या मोटारी पाहिल्या, ती मुले चाळिशीत आली आणि त्यांच्या हाती पैसा आला. मनुष्य पैसा हाती आल्यावर बहुधा आपल्या पंधराव्या वर्षीचे स्वप्न विकत घेतो. दुसरे कारण कायद्याचे. अमेरिकेत परकीय बनावटीची मोटार पंचवीस वर्षांची झाल्यावरच तेथील सुरक्षा-नियमांतून सुटते. त्यामुळे १९८९ ची स्कायलाइन २०१४ मध्ये तेथे कायदेशीरपणे नेता येऊ लागली आणि एका मोठ्या देशाची मागणी एकदम खुली झाली. तिसरे कारण अस्सलपणाचे. बहुतेक मालकांनी या गाड्यांत मनसोक्त फेरफार केले, कित्येकांनी त्या ठोकून मोडल्या. म्हणून कारखान्यातून निघाली तशी राहिलेली गाडी मूळ संख्या मोठी असूनही दुर्मिळ झाली. चौथे कारण सुट्या भागांचे. निसानने २०१७ पासून जुन्या जीटी-आरचे भाग पुन्हा बनविण्यास आरंभ केला, टोयोटानेही पुढे सुप्रा आणि टू थाउजंड जीटी यांच्यासाठी तोच उपक्रम हाती घेतला, आणि माझ्दाने आपली पहिली रोडस्टर नव्यासारखी करून देण्याची सोय केली. जी मोटार दुरुस्त होऊ शकते, तीच वृद्ध होऊ शकते.

मग आजच्या जपानी स्पोर्ट्स मोटारींना ही चार मापे लावून पाहू. लेक्सस एलएफए ही २०१० ते २०१२ या दोन वर्षांत केवळ ५०० निघाली. त्या वेळी काही गाड्या विक्रेत्यांकडे वर्षानुवर्षे पडून होत्या. आज तिची किंमत मूळ किमतीच्या दुपटीच्या वर गेली आहे. तिचा निकाल लागल्यासारखाच आहे. निसानची आर-थर्टीफाइव्ह जीटी-आर २००७ पासून २०२५ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, निघत राहिली आणि तिची संख्या सुमारे ४८,००० झाली. हिचे सगळेच नग मौल्यवान होतील हे संभवत नाही. आरंभीच्या, अखेरच्या आणि विशेष आवृत्तींच्या निष्कलंक गाड्यांना मान मिळेल. उरलेल्या चांगल्या जुन्या मोटारी म्हणून राहतील. २०१९ ची नवी सुप्रा ऑस्ट्रियातील ग्राझ येथे, जर्मनीच्या बीएमडब्ल्यूशी भागीदारी करून, बनविली गेली. तिच्या कुळाविषयी शौकिनांत मतभेद आहेत आणि संग्राहक कुळाला फार जपतात. जिच्यात गिअर हाताने बदलावे लागतात आणि इंजिनाचा स्वर कृत्रिम नसतो, अशा गाडीकडे ओढा राहील. कारण विजेच्या मोटारींच्या युगात ती अनुभूतीच दुर्मिळ होणार आहे.

आधुनिक मोटारीपुढे मात्र एक संकट असे आहे, जे जुन्या मोटारीपुढे नव्हते. १९३५ ची मोटार कुशल लोहार, सुतार आणि फिटर मिळून जिवंत ठेवू शकत. आजच्या मोटारीच्या पोटात डझनावारी संगणक असतात. लोखंडाचा भाग खराद्यावर पुन्हा कातता येतो. पंचवीस वर्षांपूर्वीची संगणकाची चकती आणि तिच्यातील आज्ञावली कारखान्याच्या मदतीवाचून सहसा पुन्हा बनत नाही. म्हणून यापुढे मोटार निवडताना तिच्या वेगाइतकेच तिच्या कारखान्याच्या स्मरणशक्तीकडे पाहावे लागेल.

लाभाच्या आशेने जे या वाटेस जातात त्यांनी आणखी एक प्रकरण ध्यानात ठेवावे. १९८८ साली फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले. त्यानंतर त्यांच्या मोटारींवर सट्टा सुरू झाला. ज्यांना गाडी चालविण्याची हौस नव्हती तेही कर्ज काढून खरेदी करू लागले. १९९० नंतर बाजार कोसळला आणि पुष्कळांचे हात पोळले. सोन्याला गॅरेज लागत नाही, विमा आणि बॅटरी लागत नाही. मोटारीला सर्व लागते. वीस वर्षांचा हा खर्च वजा केला म्हणजे पुष्कळदा लाभ कागदावरच राहतो.

हे झाले जगाचे. आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. तीन वर्षांहून जुनी मोटार परदेशातून सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही. त्यामुळे जपानातील एखादी जुनी स्कायलाइन आणून पुण्यात ठेवावी म्हटले तर तो मार्ग बंद आहे. निसानने जीटी-आर २०१६ च्या डिसेंबरात भारतात आणली, तेव्हा तिची किंमत १ कोटी ९९ लक्ष रुपये होती; त्यामुळे तिचे ग्राहकही मोजकेच होते. म्हणजे आपला संग्रह आपल्याच भूमीवर बनलेल्या वाहनांचा असणार. याची पहिली साक्ष, योगायोगाने, जपानी वेगाचीच आहे. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये यामाहाच्या परवान्याने राजदूत ३५० ही मोटारसायकल काढली. ती फार वेगवान, फार पेट्रोल पिणारी आणि त्या काळच्या मानाने फार महाग म्हणून लोकांनी नाकारली आणि दशक संपता संपता ती बंद पडली. आज तिच्या चांगल्या स्थितीतील नगासाठी शौकीन लोक नव्याच्या किमतीच्या कित्येक पटींनी पैसे मोजतात.

आता पुन्हा रांजणगावास येऊ. २०१५ च्या ऑक्टोबरात येथील कारखान्यातून अबार्थ पुंटो ही लहान मोटार बाजारात आली. साधी घरगुती पुंटो, पण तिच्यात १.४ लिटरचे टर्बो इंजिन आणि १४५ अश्वशक्ती. किंमत दहा लक्षांच्या किंचित आत. ज्या काळी इतक्या किमतीत एवढी शक्ती कोणी देत नव्हते, त्या काळी शिरूर तालुक्यातील कामगारांच्या हातून ही मोटार घडली. ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. फियाटचा विक्रेत्यांचा पसारा आटत गेला होता, आणि आपला ग्राहक मोटारीस पहिला प्रश्न विचारतो तो ती एका लिटरला किती धावते हा. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे, बीएस-सिक्स नियम लागू झाले. त्यांच्या तोंडावर फियाट हे नाव भारतीय बाजारातून लोपले. कारखाना मात्र चालू राहिला. तेथे जीप कंपास आणि टाटांच्या मोटारी बनत राहिल्या.

ही मोटार संग्राह्य ठरेल काय? आपली मापे लावून पाहू. संख्या थोडी आहे. स्मृती आहे, आज जे तरुण तिच्याकडे वळून पाहतात ते पुढे प्रौढ होतील. कुळही आहे, अबार्थ हे नाव शर्यतीच्या क्षेत्रात १९४९ पासूनचे. उणे आहे ते सुट्या भागांच्या बाजूस. जपानी कंपन्या आपल्या जुन्या मोटारींसाठी जे करतात, ते करणारा या मोटारीस कोणी नाही. तेव्हा जगाच्या बाजारात तिला मोठी किंमत येईल अशी आशा धरणे व्यर्थ होय. पण आपल्या देशातील शौकिनांत ती मानाची वस्तू होईल, असे मला वाटते. अट एवढीच की, तोपर्यंत ती उरली पाहिजे.

ही अट सोपी नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. म्हणजे २०१५ च्या गाडीस पहिली कसोटी २०३० मध्ये आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली व त्यांच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे दिली. परंतु तो मान पन्नास वर्षे पुरी झालेल्या, मूळ रूपात राहिलेल्या वाहनांनाच मिळतो. अबार्थ पुंटोस त्यासाठी २०६५ साल उजाडावे लागेल. २०३० ते २०६५ ही पस्तीस वर्षे म्हणजे तिच्या उपेक्षेची मधली वाट.

त्या वाटेत काय घडते हे मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीने नुकतेच दाखविले. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने कुर्ल्यास मोटारींचा कारखाना काढला. त्यांचेच वालचंदनगर दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात आहे. त्या कारखान्याची पद्मिनी एके काळी इतकी सर्वत्र होती की ती जपून ठेवावी असे कोणाच्या मनातही आले नाही. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस वयोमर्यादेमुळे मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि मग सारे शहर हळहळले. दौंडहून बारामतीस जाणारी १९१४ सालची अरुंद रुळांची आगगाडीही अशीच गेली. रुंद रूळ आले ते इष्टच झाले. पण त्या लहान गाडीची आठवण आज थोड्या वृद्धांच्या बोलण्यातच उरली आहे.

तेव्हा पिता-पुत्रांच्या त्या वादाचा निवाडा मी असा करीन. मोटार ठेवून धन होईल, असे मुलाने मानू नये. ते क्वचितच होते आणि ज्यांचे होते त्यांनी बहुधा त्या हेतूने ती ठेवलेली नसते. परंतु ती दुर्मिळ असेल, मूळ रूपात असेल आणि तिचा खर्च घरास सोसण्याजोगा असेल, तर वडिलांनीही केवळ आजच्या भावाकडे पाहून ती काढू नये. तिच्यात फेरफार करू नयेत. खरेदीची पावती, दुरुस्तीचे कागद आणि मूळ पुस्तिका जपून ठेवाव्यात. अडून बसणारे लहान भाग मिळत आहेत तोवर घेऊन ठेवावेत. आणि गाडी बंद करून न ठेवता अधूनमधून चालवावी. उभे राहिलेले यंत्र धावणाऱ्यापेक्षा लवकर मरते.

एक काम मात्र कुटुंबांचे नव्हे, ते कारखान्यांचे आणि आपल्या सार्वजनिक संस्थांचे आहे. जपानी कंपन्यांनी आपल्या मोटारी टिकविल्या, म्हणून जगाने त्यांना मोल दिले. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक जातीचा निदान एक नग, तिचे आराखडे आणि तिच्यातील आज्ञावली कोठेतरी जतन झाली पाहिजे. भीमथडीचा घोडा धनगराने राखला म्हणून आज त्याची नोंद होऊ शकली. मोटारीस पिल्ले होत नाहीत. तिचा शेवटचा नग भंगारात गेला की शिरूरच्या कामगारांच्या कसबाचा तो पुरावाही गेलाच म्हणावयाचा.